नाल्याच्या अलीकडचा न्हावी

याकोब, तुले जिवंतपणी मी कधी अहो-जाहो केलं नाही, आता मातीत गेला म्हणून करणार नाही.

तुझ्या बायकोनं, मार्थाबाईनं, निरोप धाडला, मंडळीच्या प्रार्थनेत वाचायले काही लिहून द्या, तुम्ही यांचे जुने सोबती. मी म्हटलं, माझी शाळा चौथीत सुटली, मी काय लिहू. ती म्हणाली, शनिवारी बोलायचे तसं लिहा. म्हणून तसंच लिहून राह्यलो. नात बाजूले बसून काना-मात्रा पाहते. ‘मले’चं ‘मला’ करायले निघाली तवा तिच्या हातातून पेन काढून घेतला. तुले माझं ‘मले’ ऐकायची सवय होती.

तुझा जन्म कुठचा, शिक्षण किती, कुठं कुठं सेवा केली, ते बाकीचे सांगतील. मले त्यातलं धड ठाऊक नाही. मले तुझा चेहरा ठाऊक आहे. डाव्या गालावर तुझे केस भोवऱ्यावानी फिरायचे, तिथं वस्तरा खालून वर न्यावा लागे. हनुवटीखाली जुना वण होता, तिथं हात हलका ठेवावा लागे. न्हाव्यापुढं माणूस जसा गळा उघडा टाकून बसते तसा तो दुसऱ्या कोणापुढं बसत नसंल. तू दर शनिवारी तसा बसला, डोळे मिटून, अन् दर शनिवारी एकच गोष्ट मागितली. भाऊ, एकदा नाल्यापलीकडे या, माझ्या लोकांच्या दाढ्या करा. मी दर शनिवारी नाही म्हटलं.

पहिल्या दिवशी तू आला तो बाजाराचा दिवस नव्हता, म्हणून खुर्ची खाली होती. देऊळगाव राजापासून गाडीत उभ्यानं आला होता, पाय झाडत झाडत माझ्या घरापुढच्या दुकानाच्या टिनाखाली शिरला. बाकड्यावर आमचा रहीमचाचा पिंजारी नेहमीसारखा बसला होता. मी कटिंगले सुरवात केली अन् न्हावी विचारते ते विचारलं.

“कोन्या गावचे पाहुने?”

“जालन्याकडचा.”

“नाव?”

“याकोब.”

“कोन लोक तुमी?”

“ख्रिस्ती.”

“ते समजलं. त्याच्या आंधी कोन?”

तू आरशातून माझ्याकडे पाह्यलं. अर्धं डोकं झालं होतं, अर्धं बाकी होतं. म्हणाला, “आधी पुरं कापा, मग सांगतो. अर्ध्यावर उठवलं तर असं डोकं घेऊन मी कुणीकडं जाऊ?”

रहीमचाचा पोट धरून हसला. “वस्ताद, आज जोडीदार मिला तुमको.”

मी पुरं कापलं. उठून आरशात मागून पुढून पाह्यलं तू, अन् मग सांगितलं. “आमच्या आज्याचे केस तुमच्या लोकांनी कधी कापले नाहीत. आजी कापायची, अंगणात बसवून, कापड कापायच्या कातरीनं. आज नातवाचे तुम्ही कापले. चांगले कापले.”

मले वाटलं, यानं मले फसवलं. तू रस्त्याले लागायच्या आत मी बादली आणली अन् खुर्ची धुतली. तुझ्या पाठीमागं नाही, तुझ्यादेखत धुतली, तुले दिसावं म्हणून. तू पाहत उभा राह्यला अन् गेला. मले वाटलं, हा काही परत येत नाही. पुढच्या शनिवारी आला, खुर्चीच्या हाताले बोट लावलं अन् म्हणाला, “आज कोरडी आहे. बसू का?”

त्यानंतर मी खुर्ची धुतली नाही. माफीही मागितली नाही. माफी मागायची आमच्या घराण्यात रीत नाही, अन् तू मागूही दिली नसती, लगेच दुसरं काही बोलायले लागला असता.

नाल्यापलीकडची वस्ती तू यायच्या आधीपासून होती. रक्तपिती, म्हणजे महारोग, झालेली माणसं, कोणी मेहकरकडचं, कोणी पार संग्रामपूरकडचं, घरच्यांनी बाहेर काढलेली. बाजाराच्या दिवशी अमडापुरात हात पुढं करून बसायची, बाकी दिवस नाल्यापलीकडे. गावचं माणूस तिकडे जात नसे अन् तिकडचं माणूस नाला ओलांडून आलं तरी रस्त्याच्या पलीकडे लिंबाखाली उभं राहे. कोणी लिहून ठेवलं नव्हतं, पण दोन्हीकडच्यांले पाठ होतं. अन् तू बायकोले घेऊन तिथंच राह्यले गेला. जखमा धुवायचा, गोळ्या आणायचा, टायरच्या मऊ रबराच्या चपला करून घ्यायचा. गाव म्हणालं, हा बाटवायले आला.

मीही म्हणालो. तोंडावर म्हणालो. “किती बाटवले बे या म्हैन्यात?”

“एकही नाही. मीच अजून पुरता झालो नाही.”

हे उत्तर तू इतक्या वेळा दिलं की पुढं पुढं मी विचारलं की रहीमचाचाच बाकड्यावरून बोलून टाकायचा, “वो खुदच पूरा नहीं हुआ अभी.” मग तिघंही हसायचो. हसण्यावर नेलं की पुढचं बोलणं टळते, हे मले चांगलं जमायचं.

पण दाढीचं बोलणं तू टळू दिलं नाही. पहिल्यांदा विचारलं तवा मी साबण लावत होतो.

“भाऊ, त्यांची बोटं गेलीत, वाकलीत. वस्तरा सोडा, ब्लेडसुद्धा धरता येत नाही. दाढ्या छातीपर्यंत आल्या. माणूस खाली पाहून चालतो तेवढ्यानं. तुम्ही एकदा या.”

“माह्या दुकानात मंग कुत्रं तरी येईन का?”

“गोळ्या चालू असल्या की लागण होत नाही. मी राहतो ना तिथं.”

“तू राह्य. मी न्हावी हाय, माह्या हातावर गावाचं तोंड हाय.”

ते खोटं नव्हतं, याकोब. तू आला ती बीटी कपाशीची पहिली वर्षं. पऱ्हाटी अशी फुटली की रस्त्यानं जाताना डोळे दिपत. घरोघर फटफटी आली. पण ज्यानं त्यानं पऱ्हाटीच पेरली, ज्वारी कोणी पेरेना, अन् खळ्यावर न्हाव्याले वर्षाचे दाणे मिळत ते बंद झाले. नगद घे गणपत, म्हणाले. नगद हातात असंल तवा देतील. जवान पोरं चिखलीच्या सलूनात जाऊ लागली, तिथं फिरती खुर्ची होती. माझ्याकडे म्हातारे अन् मयतीचं काम राह्यलं. त्यात मी तिकडे गेलो असतो तर हेही गेले असते.

तुले हे सांगितलं अन् तू मान हलवली. तेवढं कारण पुरलं असतं. पण ते अर्धंच होतं. मले शिसारी येत होती. अन् दुसरं, मी कोणाचे केस कापतो यावर मी कोण ते ठरते, असं मले वाटायचं. माझ्यापेक्षा खाली कोणीतरी आहे, हे मले रोज खुर्ची झटकताना बरं वाटत होतं. हे तुले सांगितलं नाही. तू ओळखलंच असंल, तुझा आजा अंगणात बसायचा.

मग तू स्वतःच सुरू केलं. मले कळलं ते अमडापूरच्या बाजारात. तिथं नारायण बसला होता, तो संग्रामपूरकडचा कास्तकार. हातावर चट्टे दिसले तसा पोरांनी घराबाहेर काढला, तेव्हापासून तुमच्या वस्तीत. त्याची दाढी अर्धी गेलेली अन् अर्धी खुंट उभे, गालावर ओरखडे, कानाजवळ एक झुपका तसाच. येणारे-जाणारे मले म्हणतात, “गनपत, तुह्या हातची हाय का रे?” हजामत म्हणजे काय, गावात माझ्याच नावावर जाते. शनिवारी तू खुर्चीत बसल्या बसल्या मी सुरू झालो.

“कोन्या बैलानं चरलं ते?”

“मीच केली. पहिली होती.”

“लाज वाटाले पाह्यजे.”

“वाटली ना. म्हणून तर तुम्हाला बोलवतो.”

मी गेलो नाही. पण तसं काम पाहवेना. दुपारी दुकान रिकामं असायचं, तवा तुले शिकवलं. वस्तरा धरायचा कसा, कातडी ताणायची कशी, पट्ट्यावर धार लावायची कशी. शिकायले गाल लागते. गाल माझाच दिला. मी खुर्चीत बसलो अन् तू उभा राह्यला. तुझा हात इतका थरथरत होता की रहीमचाचा म्हणाला, “वस्ताद, कलमा पढूँ क्या तुम्हारे लिए?” हनुवटीवर एकदा कापलंस तू मले. मी हललो नाही. जाताना माझा जुना वस्तरा तुले देऊन टाकला, अन् सांगितलं, धार गेली की शनिवारी घेऊन ये, मी लावून देत जाईन.

मले वाटलं, मी माझ्या वाटचं केलं. गावाच्या दृष्टीनं चोख राह्यलो अन् तुझंही काम झालं.

काही शनिवारांनी तू माझी दाढी करता करता, हात आता थरथरत नव्हता, हळूच म्हणाला, “भाऊ, एक विचारू? सकाळी याच हातानं नारायणचा गाल धरला. आता तुमचा धरलाय. मग मधी कोण राहिलं?”

मी साबणाच्या फेसातून म्हटलं, “तू साबनानं हात धुते ना?”

“धुतो.”

“मंग साबन राह्यलं मधात. चूप दाढी कर.”

तू हसला. मी नाही हसलो. रात्री बायकोनं, माझ्या म्हातारीनं, विचारलं, आज जेवण काऊन टाकलं. सांगितलं नाही.

मग ती वाईट वर्षं आली. पऱ्हाटी लाल पडून जागेवर वाळायची, पाऊस यायचा नाही, आला तर बोंडं फुटल्यावर यायचा. शिवारात कोणी औषध पिलं की मले आधी कळायचं, कारण दहाव्याले नदीवर बोलावणं यायचं. बाप गेलेल्या लेकरांची डोकी मी केली. लेकरांचे केस मऊ असतात, वस्तरा फार लावावा लागत नाही. एका पोराचं डोकं केलं, तो एवढा लहान की झोपेतून उचलून आणलेला, माझ्या मांडीवर डोकं ठेवून पुन्हा झोपला. मी झोपेतच केलं.

त्या दिवशी दुकान उघडलं पण गिऱ्हाईक घेतलं नाही. तू आला. मी म्हटलं, “तुह्या देवाले विचार, काऊन?”

“विचारलं.”

“काय म्हने?”

“गप्प आहे.”

“मंग त्याच्या मागं काऊन फिरते बे?”

तू बाह्या वर सारल्या. कोपऱ्यातला झाडू घेतला अन् आदल्या दिवशीचे केस झाडून काढले, आरसा पुसला, पाणी भरून ठेवलं, अन् बाकड्यावर बसून राह्यला. चहाही मागितला नाही. अंधार पडायच्या आधी उठून गेला. दुसऱ्या दिवशी कळलं की त्या लेकराच्या आईकडेही तू जाऊन आला. पांढऱ्या कपाळाची बाई समोर नको म्हणून तिचे सासरचे दार लावून घ्यायचे, तिच्या दारात मार्थाबाई पीठ ठेवून आली. तवा मले वाटलं, यानं आता माझं नाव घेऊन हाक मारली तर मी नाल्यापलीकडे जातो. पण तू त्या शनिवारी मागितलंच नाही. माझं मन पाहून गप्प राह्यला असशील. अन् मी स्वतःहून उठलो नाही. मले बोलावणं पाहिजे होतं. न्हावी बोलावल्याशिवाय जात नाही, हा मान मी तिथंही धरून ठेवला.

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन तूच नेऊन करवलं, चिखलीले हाताले धरून. पट्टी सुटली तवा पहिला तू दिसला, दाढी वाढलेला. मी म्हटलं, हे काय ध्यान. तू म्हणाला, “न्हावी आंधळा होता, कुणाकडं जाऊ?” चिखलीत फिरत्या खुर्च्यांची इतकी सलूनं, पण तू दुसऱ्याच्या वस्तऱ्याखाली बसला नाही. हे मी गावभर सांगत फिरलो. तू माझ्यासाठी थांबला ते सांगायले मले लाज नव्हती. मी तुझ्यासाठी काय केलं, ते कोणी विचारलं नाही म्हणून सांगावं लागलं नाही.

आता शेवटचा शनिवार. यंदा बीटीच्या बोंडातही अळी निघाली, लोक बोंडं फोडून फोडून एकमेकांले दाखवत होते, बाकड्यावर तेच बोलणं चालू होतं. तू आला तो भिंतीले धरत आला. खोकत होता. दोन महिने तुझं येणं धड नव्हतं, वस्तराही धार लावायले आणला नव्हता. साबण लावला तर तुझे गाल आत गेलेले, हाडावरून वस्तरा फिरवतो आहे असं वाटलं.

“भाऊ, माझा हात थरथरतो आता. नारायणला परवा दोनदा कापलं. पुढच्या शनिवारी चला माझ्यासंगं. तुम्ही वस्तरा घेऊन नुसते बसा, एकेकाला पुढं सरकायला मी सांगतो.”

“पाहू.”

“पाहू पाहू म्हणता दोघंही म्हातारे झालो.”

बाकड्यावरचे लोक ऐकून राह्यले होते. अळीचं बोलणं थांबलं होतं. मले ते टोचलं. मी हसत म्हटलं, “तू मेला की येईन.”

लोक हसले. तूही हसला. हसता हसता खोकला आला तुले, मी पाठीवर हात ठेवला. जाताना तू म्हणाला, “शब्द दिला बरं का.” एवढंच बोलला. रागानं नाही, तुले राग येतच नव्हता, त्यानं माझी फार अडचण व्हायची.

पुढच्या शनिवारच्या आधीच बुलढाण्याच्या दवाखान्यातून तुले गाडीत घालून आणलं.

मी वस्तरा-कैचीची धोकटी काखेत मारली अन् निघालो, हे खरं आहे. म्हातारीनं पाह्यलं आहे. नाल्यापर्यंत गेलो. तिथं गावची मंडळी उभी होती, सरपंच, शाळेचे मास्तर, दुकानदार, सगळे अलीकडे. पलीकडे तुझी माणसं. ज्यांची बोटं शाबूत त्यांनी खड्डा खणला होता, बाकीचे मनगटांत टोपलं अडकवून माती ओढत होते. मार्थाबाई गात होती, तिच्यामागून ती सगळी गात होती, नारायण तर चालीत कुठंच नव्हता. मले वाटलं, आता कोणी एक जण नाल्यात पाय घालीन, मग मी घालीन. कोणी घातला नाही. मीही नाही घातला. सरपंच म्हणाला, भला मानूस होता, अन् सगळे वळले. मीही वळलो.

तुझी शेवटची दाढी कोणी केली, याकोब? मी विचारलं नाही कोणाले. विचारायचा हक्क राह्यला नव्हता.

नवव्या दिवशी नारायण आला. रस्त्याच्या पलीकडे, लिंबाखाली उभा राह्यला, जसे ते उभे राहतात.

“वस्ताद.”

“काय म्हनतं, नारायण?”

“उद्या दहावा हाय. आमाले केस द्याचे हाय याकोबसाठी.”

“कोनी सांगतलं?”

“कोन सांगन? आमचं आमी ठरवलं. बाप गेला त केस द्या लागते.”

“तुह्याहून लहान होता तो वयानं.”

“असंन. बाप होता.” मग म्हणाला, “आमची डोस्की तोच करे. आता कोन करन? तुमी येता का उद्या?”

हे बोलावणंच होतं. इतकी वर्षं मी ज्याची वाट पाहत होतो म्हणतो, ते रस्त्यापलीकडून आलं. अन् मी काय म्हणालो ते ऐक.

“त्याच्या धरमात केस देत नाहीत, नारायण. त्यायच्यात दहावाच नसते. त्याले आवडलं नसतं.”

तुझा धर्म. जन्मात तुझ्या देवाचं एक अक्षर मी ऐकून घेतलं नाही, अन् त्या दिवशी त्याची रीत सांगायले मी उभा राह्यलो. तुले ठाऊक आहे, नारायणच्या खोपटात मारुतीचा फोटो होता अन् तू तो कधी काढायले लावला नाही. हे तूच मले सांगितलं होतं. ते ठाऊक असून मी बोललो.

नारायणनं ऐकून घेतलं. “त्याच्या धरमात नसंन. पन मेला त आमचा.”

“पाहू,” मी म्हटलं.

तो “बरं” म्हणाला अन् गेला. त्याचा आवाज चढला नाही. तुझ्यासंगं राहून त्याले ती सवय लागली असंल.

मागं म्हातारी दारात उभी होती. “नाही म्हनाचं असंन त नाही म्हना,” ती म्हणाली. “त्याच्या देवाले काऊन मधात आनता? त्यानं तुमचं काय बिघडवलं?”

मी तिच्यावर ओरडलो. मग रात्री जेवलो नाही.

दहाव्याले सकाळी निघायचं होतं. उठून धोकटी भरली. मग खुर्ची पुसली. मग आरसा पुसला. मग कैचीले तेल दिलं. एकही गिऱ्हाईक नव्हतं, तरी मी गिऱ्हाईक असल्यासारखा वेळ काढला. उन्हं वर आली तवा म्हातारी काही न बोलता धोकटी उचलून माझ्या हातात देऊन आत गेली. रस्त्यात रहीमचाचा भेटला, म्हणाला, मैं आऊँ क्या साथ. मी म्हटलं, नको, मी जातो. नाल्यात पाणी नव्हतं. पाय ओला व्हायचं निमित्तही नव्हतं.

वस्ती मी पहिल्यांदा पाह्यली. तू सांगायचा ते सगळं मले खोटं वाटायचं, पण खरंच अंगण झाडलेलं होतं, कोंबड्या फिरत होत्या, तुझ्या मातीवर दगड ओळीनं लावले होते. त्या मातीपुढं बाप्ये ओळीनं बसले होते, उघड्या डोक्यांनी, तासलेली डोकी उन्हात चमकत होती. पुढं वस्तीतली सुभद्राबाई बसली होती. तिची बोटं गोळ्यांनी वेळेवर वाचली, असं तूच सांगितलं होतं. तिच्या हातात माझा जुना वस्तरा होता. बाईनं बाप्यांची डोकी केली, हे मी उभ्या जन्मात पाह्यलं नव्हतं.

“आले का, भाऊ?” ती म्हणाली. “आमचं झालं.”

 जवळ जाऊन पाह्यलं तर एकाही डोक्याची खैर नव्हती. ठिकठिकाणी कापलेलं, रक्ताचे ओघळ कानामागं वाळून राह्यलेले.

“वस्तरा चालतच नाही,” ती म्हणाली, जशी काही तिचीच चूक होती. “दोन म्हैन्यापासून त्याले धार लागली नाही. याकोबभाऊचं धड येनं झालं नाही ना तुमच्याकडं.”

तू आजारी पडला, वस्तरा घेऊन आला नाही. अन् मी, ज्यानं धार लावून देईन म्हटलं होतं, नाला ओलांडून वस्तरा मागायले गेलो नाही.

मी खाली बसलो. धोकटीतून तुरटीचा खडा काढला, वाटीतल्या पाण्यात बुडवला अन् नारायणले म्हटलं, इकडे सरक. तो मागं सरकला.

“राहू द्या, वस्ताद. आपोआप सुकते.”

“सरक म्हनलं ना.”

न्हावी आधी डावा हात डोक्यावर ठेवते, डोकं हलू नये म्हणून. सवयीनंच ठेवला गेला. डोकं गरम होतं, उन्हानं. जखमेवर खडा फिरवला तसा तो आखडला.

“झोंबलं?”

“झोंबलं,” नारायण म्हणाला, अन् हसायले लागला. तोंडात दात नव्हते त्याच्या. “पायात खिळा रुतला त समजत नाही, वस्ताद, चुलीत हात गेला त समजत नाही. डोस्क्याले अजून समजते. लावा, लावा अजून.”

मी लावत राह्यलो. तो झाला, मग दुसरा पुढं सरकला, मग त्याच्या मागचा. कोणी आभार मानले नाहीत, कोणी उशीर झाला म्हटलं नाही. दाढ्या, डोकी, सगळं ती बाई करून मोकळी झाली होती. तू मले जे मागत होता ते आता कोणाले पाहिजे नव्हतं. मले त्यांच्या जखमा तेवढ्या उरल्या होत्या, अन् त्याही माझ्याच बोथट वस्तऱ्याच्या.